चारच ओळी आहेत

न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत काही घडलं की दहा मिनिटांत त्याची चारोळी होते. गोष्ट लहान की मोठी, हा प्रश्न गौण. पहिला बर्फ पडला, चारोळी. कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, चारोळी. डिसेंबर २०२४ मध्ये व्हॉर्टनजवळ जुन्या लोखंडाच्या खाणीपायी आय-८० वर भलंमोठं भगदाड पडलं. लोक गाडीत अडकून शिव्या देत होते, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धरणीमातेला हाक मारणाऱ्या चार ओळी येऊन पडल्यासुद्धा. खाली नाव, गाव, तारीख, मिनिटासकट वेळ आणि बाहेरचं तापमान फॅरनहाइटमध्ये. तापमान कशाला, असं मी एकदा विचारलं. "कवितेला हवामान लागतं," असं उत्तर मिळालं.

या कवीचं खरं नाव सांगत नाही. गावात त्यांना चारोळीकाका म्हणतात आणि ते त्यांना मनापासून आवडतं. १९९८ साली वायटूकेच्या धास्तीनं अमेरिकेनं कोबोलवाल्यांसाठी पायघड्या घातल्या, त्यावरून चालत काका पुण्याहून इथे आले. दोन आकडी साल चार आकडी करायचं काम. "तेव्हापासून चारचा नाद लागला," असं ते सांगतात. हे खरं नाही. नाद आधीचा आहे. बॅगेत कुकर आणि मेतकुटाच्या डब्याशेजारी चंद्रशेखर गोखल्यांचं 'मी माझा' होतं, असं काकू शपथेवर सांगतात. नव्वदच्या दशकात त्या छोट्याशा पुस्तकानं महाराष्ट्रभर चारोळीची साथ आणली होती. कॉलेजातली मुलं वहीच्या शेवटच्या पानावर चारोळ्या पाडत होती. बहुतेकांची साथ लग्न झाल्यावर ओसरली. काकांची बळावली.

आता ते निवृत्त आहेत. लेक हायवाथा भागात घर, मागे डेक, डेकवर कुंडीतली तुळस, जी ऑक्टोबर लागताच आत येते. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, तो जुलैतही. खिशात कुठल्याशा बँकेनं फुकट दिलेलं पेन, आणि कागद म्हणून दुकानाची पावती. पावतीच्या पाठीवर लिहायची सवय नक्की कधी लागली कळत नाही, पण त्यापायी घरात एक कायमचा तंटा आहे. काकूंना मिक्सर परत करायचा होता. पावती सापडेना. शेवटी ती 'संग्रह २' असं लिहिलेल्या फायलीत सापडली. पाठीवर पानगळीवरची चारोळी. काका म्हणाले, "मूळ प्रत आहे ती, देता येणार नाही." मिक्सर अजून घरात आहे. चालत नाही.

"चारच ओळी आहेत" हे त्यांचं लाडकं वाक्य. अनुभवी माणूस ते ऐकलं की खुर्ची ओढून बसतो. कारण ओळी चारच असल्या तरी आधी प्रस्तावना असते. ती कल्पना कुठे सुचली, तेव्हा सिग्नल लाल होता की हिरवा, मागच्या गाडीनं भोंगा कसा वाजवला, मग पहिली ओळ, मग ती बदलून आलेली दुसरी पहिली ओळ. काकूंनी याचं एक माप ठरवून ठेवलं आहे. पाहुण्यांसमोर काका खाकरले की त्या विचारतात, "चहा टाकू ना? प्रस्तावना व्हायचीय अजून." चहा उकळतो, गाळून होतो, येतो, आणि तेव्हा कुठे पहिली ओळ उच्चारली जाते. २०२२ च्या ऑगस्टात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला झालं, तेव्हा काकांनी मांडवातल्या कवींशी स्पर्धा केली नाही. ते जेवणाच्या रांगेत उभे राहिले. रांगेतला माणूस कुठे पळणार?

बाकीची वाक्यंही ठरलेली. "आत्ताच उतरली." म्हणजे तव्यावरच्या पोळीसारखी ती गरम असतानाच समोरच्याच्या पानात पडली पाहिजे. "अजून कच्चं आहे हं." म्हणजे सूचना करू नका. "तिसरी ओळ बघा, तिसरी." दुसऱ्या नि चौथ्या ओळीचं यमक जुळवावं लागतं, पण तिसरी मोकळी असते, तिथे कवी स्वतःच्या मर्जीचा राजा असतो, हा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या ओळीलाच कुणी "वा!" म्हटलं तर ते दुखावतात. रविवारी सकाळी रॉकअवेच्या मॉलमध्ये आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी थंडीत फेऱ्या मारायला जातात. त्यात एक गृहस्थ आहेत, ते काकांना पहिल्या ओळीलाच "वा" देऊन पुढे सटकतात. काकांच्या मते ते पार्सिपनीतले सर्वांत अरसिक.

गावाचा मात्र त्यांना जाज्वल्य अभिमान. "पार्सिपनी! नावातच यमक आहे. मनी, गगनी, चांदणी, मोहिनी, काही घ्या. एडिसनवाल्यांना काय मिळतं? मेडिसिन." एडिसनला मराठी माणसं जास्त, दुकानं जास्त, नाटकांचे प्रयोगही जास्त, हे त्यांना ठाऊक आहे. पण यमकाच्या बाबतीत एडिसन दरिद्री, हे त्यांनी एकदाचं ठरवून टाकलंय.

आणि तो व. पुं.चा किस्सा. काकांनी वडिलांच्या छत्रीवर एक चारोळी लिहिली होती. खरं सांगायचं तर ती बरी होती. दोनेक वर्षांनी तीच त्यांच्या पुण्यातल्या मेव्हणीकडून 'शुभ सकाळ'च्या गुलाबासकट परत आली. खाली नाव होतं व. पु. काळे. पहिला दिवस काका संतापले. वकील करायची भाषा झाली. दुसऱ्या दिवशी थोडे शांत झाले. तिसऱ्या दिवशी मॉलमध्ये आम्हाला थांबवून म्हणाले, "लोकांना ती व. पुं.ची वाटली, याचा अर्थ लक्षात येतोय का तुमच्या?" तेव्हापासून ते आपल्या चारोळीखाली 'नावासह पुढे पाठवावी' असं लिहितात खरं, पण कुणी नाव काढून टाकलं तर आतून सुखावतात, असा माझा संशय आहे.

मात्र काकांचा खरा प्रांत रात्रीचं आकाश. तसं आमच्या आकाशात फारसं काही नसतं. पूर्वेला न्यूयॉर्क, मध्ये मोठमोठे रस्ते, त्यामुळे रात्रभर एक नारिंगी उजेड डोक्यावर तरंगत राहतो आणि ताऱ्यांपैकी जे फारच धीट असतात तेच दिसतात. साहजिकच काका घटनांवर अवलंबून. चार जुलैचे फटाके, कोजागरी, ग्रहण, विमानं. आणि मॉरिस काउंटीला या बाबतीत एक परंपराही आहे. ५ जानेवारी २००९ च्या रात्री इथल्या आकाशात पाच लाल दिवे तरंगताना दिसले. लोकांनी पोलिसांना फोन केले, टीव्हीवर बातम्या झाल्या. काकांनी त्या रात्री परग्रहावरच्या पाहुण्यांचं स्वागत करणारी चारोळी लिहिली, तीत 'अतिथी' आणि 'प्रतीती' यांची गाठ घातलेली होती. १ एप्रिलला दोन तरुणांनी जाहीर केलं, की हेलियमच्या फुग्यांना पेटत्या मशाली बांधून आम्हीच सोडल्या होत्या. त्यांना दंड झाला, समाजसेवेची शिक्षाही झाली. काकांनी चारोळी मागे घेतली नाही. "बातमी खोटी ठरते. कविता खोटी ठरत नाही."

मग आलं २०२४. ते साल काकांसाठीच ठरवून आखलं होतं की काय, असं वाटावं. ५ एप्रिलला सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी ४.८ तीव्रतेचा भूकंप, तोही न्यू जर्सीतच. ८ एप्रिलला सूर्यग्रहण, आमच्याकडे जवळजवळ नव्वद टक्के. काका दोन्हींना पुरून उरले. आणि १० मेच्या रात्री, २००३ च्या ऑक्टोबरनंतर प्रथमच, सर्वांत वरच्या दर्जाचं सौरवादळ पृथ्वीवर येऊन थडकलं आणि ध्रुवाकडचे रंगीत उजेड पार दक्षिणेपर्यंत उतरले. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. काकांनी दुपारी आमरस-पुरी खाल्ली, रात्री उरलेला आमरस खाल्ला, आणि नऊ वाजता झोपले.

सकाळी फोन उघडला तर जगभरातले फोटो. त्यांतला एक लडाखमधल्या हानलेचा, लालसर आभाळाचा, पुण्याच्या त्याच मेव्हणीनं पाठवलेला. "तुम्हाला तर अगदी छान दिसलं असेल ना भाऊजी?" काकूंनी तो मेसेज मोठ्यानं वाचला. शेवटी जोडलं, "लडाखला दिसलं, आणि पार्सिपनीत आमरस." यमक नव्हतं, तरी वर्मी बसलं. काका दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी जी चारोळी आली तिचा विषय होता आंबा, आणि सूर तक्रारीचा.

तिथून पुढे पाच महिने त्यांनी तयारी केली. फोनवर सौरवादळाची वर्दी देणारं अ‍ॅप घेतलं. पृथ्वीच्या चुंबकी खळबळीचा एक निर्देशांक असतो, केपी, शून्य ते नऊ. काका "नमस्कार" म्हणायचे थांबले आणि "केपी किती?" असं विचारू लागले. लाल रंग कुठून, हिरवा कुठून, सगळं पाठ केलं. सूर्याकडून येणारे कण ऑक्सिजनला डिवचतात; शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर तो हिरवा उजेड देतो, दोनशेच्या वर लाल, आणि जांभळट-निळा दिसला तर तो नायट्रोजनचा. आम्ही दक्षिणेकडचे, त्यामुळे क्षितिजाआडून आम्हाला उजेडाच्या त्या पडद्याचा वरचा काठच दिसणार, म्हणजे लाल. हे त्यांनी मला दुकानात, भोपळी मिरचीच्या ढिगासमोर, लाल नि हिरवी मिरची हातात घेऊन समजावलं. कोबोलवाला माणूस, एकदा शिकला की नीट शिकतो.

टिळकही आले. काकांच्या आकाशविषयक बोलण्यात टिळक येतातच. "१९०३ साली 'आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहिलं टिळकांनी. आपले पूर्वज हे रोज बघत होते, रोज!" टिळकांचा मुख्य मुद्दा ध्रुवाजवळच्या लांबलचक पहाटेचा होता, हे सांगायला गेलो तर प्रस्तावना वाढते, म्हणून मी मान हलवतो. काकूंचं आकाशाशी नातं मात्र माहेरचं. त्यांचं माहेर अलिबाग. तिथे चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेला मुंबईच्या विजेच्या ट्रामचा त्रास होणार म्हणून १९०४ साली काम अलिबागला गेलं. त्याआधी १८५९ च्या सप्टेंबरात झालेल्या सर्वांत गाजलेल्या सौरवादळाची नोंद याच कुलाब्यानं टिपली होती, आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर हे उजेड मुंबईतून दिसल्याचं नोंदलेलं आहे. हे सगळं काकूंना शाळेपासून माहीत. "माझ्या माहेरी वेधशाळा आहे," त्या मला म्हणाल्या, "म्हणून मी आधी वर बघते. हे आधी खिसा चाचपतात."

१० ऑक्टोबर २०२४, गुरुवार, नवरात्राचे दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास काकांच्या अ‍ॅपनं घंटा वाजवली. काकांनी बाहेर डोकावून खात्री केली आणि फोन सुरू केले. मेसेज नाही, फोन. गटातल्या प्रत्येकाला, यादीतल्या क्रमानं. "बाहेर या. उत्तरेला बघा. आत्ता. चप्पल राहू द्या." एवढंच. प्रस्तावना नाही! त्यामुळेच लोक घाबरून बाहेर आले. एका घरी भोंडला चालू होता, गाणी संपून खिरापत ओळखायची पाळी आली होती. त्या सगळ्या बायका तशाच ड्राइव्हवेत आल्या. समोरचा कचऱ्याचा डबा ओढणारा शेजारी थांबला. उत्तरेकडे झाडांच्या वर आभाळ गुलाबी होतं, मग लाल झालं, मग त्यात उभ्या फिकट रेघा उमटल्या. फोनच्या कॅमेऱ्यात ते आणखी भडक दिसत होतं, कारण कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. पण डोळ्यांनाही पुरेसं होतं. कुणीतरी म्हटलं, आता इथेच एक गाणं होऊ द्या, आणि हत्तीचं चित्र घरात राहिलं होतं तरी भोंडल्याचा फेर रस्त्याच्या कडेला धरला गेला. लहान मुलं इंग्रजीत किंचाळत होती. एक आजी पदर डोक्यावर घेऊन हात जोडत होत्या.

आणि काका? काका गॅरेजच्या दिव्याखाली, आकाशाकडे पाठ करून, पावतीवर लिहीत होते.

"अहो, वर बघा ना!"

"थांब गं, 'आकाश' झालंय, 'प्रकाश' नकोय."

हे त्यांचं जुनं दुखणं. आकाशावर लिहायला घेतलं की 'प्रकाश' हजर होतो. तो हाकलला की 'सावकाश' येतो. त्यालाही घालवलं की 'अवकाश', आणि मग 'विनाश', जो मंगल प्रसंगी चालत नाही. मराठी भाषेनं आकाशावर लिहिणाऱ्याला इतकी यमकं दिली आहेत, की नवं काही सुचायची सोयच ठेवलेली नाही. काकूंनी शेवटी काकांचे खांदे धरले, त्यांना जागच्या जागी फिरवलं आणि हनुवटीला बोट लावून मान वर केली. मग ते बघत राहिले. बरंच बघत राहिले. पेन हातातच होतं, पण टोपण लावलेलं होतं, हे मी पाहिलं आहे.

उजेड ओसरल्यावर गटावर आली ती ही. काकांची परवानगी घेऊन आणि नावाविना देतो आहे, म्हणजे त्यांना दुहेरी आनंद:

वर लाजला ऑक्सिजन,
खाली जमले सज्जन;
पार्सिपनीच्या ड्राइव्हवेत
आज ताऱ्यांचं भजन.

आता हे काही थोर काव्य नव्हे. ताऱ्यांचा तर त्यात काही संबंधच नव्हता. पण मराठीत 'ऑक्सिजन'ला 'सज्जन' भेटवून देणारा माणूस मला दुसरा माहीत नाही, आणि लाजला हे क्रियापद विज्ञानाच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. खाली तापमानही होतं.

त्याच महिन्यात पश्चिमेला धूमकेतू दिसला, मग कोजागरी आली, काकांनी डेकवर कानटोप्या घालून आम्हाला मसाला दूध पाजलं. त्या काळातल्या चारोळ्यांबद्दल मी बोलत नाही. पीक फार आलं की दाणा बारीक होतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात ड्रोन आले. म्हणजे लोकांना ते ड्रोन वाटले. मॉरिस काउंटीपासूनच सुरुवात झाली, पिकाटिनी शस्त्रागाराच्या आसपास दिवे फिरताना दिसले, आणि मग राज्यभर जो तो रात्री अंगणात येऊन वर बोट दाखवू लागला. काहींना विमानं दिसली, काहींना ग्रह. मेरीलँडच्या एका माजी गव्हर्नरांनी टाकलेल्या चित्रफितीत चक्क मृग नक्षत्र, म्हणजे ओरायन, निघालं. काकांना हर्ष आवरेना. "१८९३ साली 'ओरायन' लिहिलं टिळकांनी! गव्हर्नरांनी वाचायला हवं होतं!" याच काळात त्यांच्याकडे एक हिरवा लेझर होता, मुलांना नक्षत्रं दाखवायला मागवलेला. विमानावर लेझर रोखणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या दिवसांत तर पोलीस डोळ्यांत तेल घालून होते. काकूंनी तो डाळीच्या डब्यात लपवला. कुठल्या डाळीच्या, ते काकांना अजून सापडलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसनं खुलासा केला, की त्यांतले बरेच ड्रोन परवानगी घेऊन उडवलेले होते, आणि हौशी लोकांचेही होते. काकांनी निकाल आधीच दिला होता:

डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं,
मागे पांढरं लुकलुकतं;
नेवर्कला उतरणारं विमान बघून
अख्खं न्यू जर्सी चुकतं.

ही मात्र चांगली आहे. मोजून चार ओळी, विमानाच्या दिव्यांची माहिती अचूक, आणि तिसरी ओळ खरोखरच बघण्यासारखी. आमच्या गल्लीतल्या एका तेलुगू शेजाऱ्यानं तिचा अर्थ विचारून ती फ्रिजवर लावली आहे. काकांना मी अजून तसं सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते फ्रिजवर लिहितील.

गटातली निम्मी मंडळी त्यांना म्यूट करून बसली आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच १० ऑक्टोबरला त्यांनी मेसेज न करता फोन केला. तो फोन आला नसता तर आमच्या गल्लीतल्या बहुतेकांनी तो तास डिशवॉशर भरण्यात घालवला असता आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचे फोटो पुढे ढकलले असते. एवढ्या एका फोनवर त्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या चारोळ्या मी माफ करायला तयार आहे. प्रस्तावना नाही.

तुमच्या गावातही असे एक काका असतीलच. एडिसनला असतील, डोंबिवलीला तर नक्की असतील. त्यांना म्यूट करू नका, फोन आला तर उचला, आणि चप्पल न शोधता बाहेर या. चारोळी आली तर उत्तरादाखल 'वा' लिहा. एकदाच लिहा. दोनदा लिहिलंत तर पुढची तुमच्यावर असेल.